देदा कुणी म्हणायचं

बाहेर गल्लीतली पोरं बर्फावर फळकुटं घेऊन घसरत असताना एका नऊ वर्षांच्या पोरीला स्टुलावर बसवून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायला लावलीय का तुम्ही कधी? आणि तीही अशी, की दुसऱ्या दिवशी पोर स्वतःच्या पायांनी परत आली पाहिजे? ओढून नाही, मारून नाही, गोळ्या-चॉकलेटं दाखवून नाही.

नसेल लावली, तर पियानो शिकवायचा म्हणजे ऊबदार खोलीत बसून मान हलवायची, असलं काही माझ्यासमोर बोलू नका. आमच्या नगरपालिकेतल्या एका साहेबानं बोलून दाखवलं होतं. त्याला मग जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही.

मी ओतार. खाणीत वायरमन होतो. खाण बंद झाली तेव्हापासून या गावात जे काही बंद करायला निघतात, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. प्रसूतीचा दवाखाना, दुपारची बस, वरच्या वस्तीचा रोपवे. शाळेत फार टिकलो नाही, लिहायला शिकलो ते अर्ज आणि पत्रकं लिहिता लिहिता. बहुतेक वेळा हरतो. ही गोष्टही हरलेलीच आहे, पण हरलेलं माणूस मी नव्हे. ते माझ्या डोक्यावर राहतं, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर. लमारा अबेसाद्झे. सगळं गाव त्यांना लमाराबाई म्हणतं.

बाई मूळच्या इथल्या नाहीत. कुताइसी शहरात शिकल्या आणि खाण जोरात होती तेव्हा गावानं मागून आणल्या. त्या काळी कोळसा खणणाऱ्या माणसाला वाटायचं की आपल्या नखांत काजळी असली तर असू दे, पोरीच्या नखांखाली पांढऱ्या पट्ट्या हव्यात. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या पाळीतल्या गड्यांनी कितीतरी पियानो पाठीला दोर बांधून पाचव्या मजल्यापर्यंत चढवले. ते पुन्हा खाली कुणी उतरवलेच नाहीत. वीज नाही, गॅस नाही, असे हिवाळे आले आणि पियानो जिथल्या तिथे फोडून चुलीत गेले. समोरच्या घरात तर एका पियानोवर चार दिवस घेवडा शिजला. त्या घरात जेवताना कुणी बोलत नव्हतं, हे मी स्वतः पाहिलंय.

संगीतशाळेतला पियानो तेवढा वाचला, कारण त्या हिवाळ्यांत बाई त्याच खोलीत झोपायच्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, बोटं मोकळी राहिली पाहिजेत. हे त्या हसून सांगायच्या, त्यामुळे पुढं विचारायची सोय नसायची.

आता बाई पोरांना कशा बसवायच्या ते ऐका, कारण सगळं त्यातच आहे.

नवं पोर आलं की बाई त्याला पट्ट्यांची नावं सांगायच्या नाहीत. विचारायच्या, आज सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय ऐकलंस? पोर म्हणायचं, लिफ्ट कुरकुरली. किंवा आजोबा खोकले. किंवा वाखोकाकाचं डुक्कर ओरडलं. मग बाई म्हणायच्या, इथेच कुठंतरी लपलंय ते, शोध. आणि अर्धा तास ते पोर त्या पियानोवर वाखोचं डुक्कर शोधत बसायचं. सापडलं की बाई खालच्या बाजूनं दोन जाड सूर धरायच्या, आणि डुकराचं एकदम गाणं व्हायचं. जाताना सांगायच्या, उद्या दुसरं काही ऐकून ये. पोर दुसऱ्या दिवशी यायचंच. त्याच्याकडे आणायला काहीतरी असायचं ना.

धडा नेहमी शेवटाकडून. आधी शेवटची ओळ पक्की, मग तिच्या अलीकडची, मग तिच्याही अलीकडची. म्हणजे वाजवताना पोर अनोळखी रानात शिरत नाही, उलट घराच्या दिशेनं पळत सुटतं. आणि सूर चुकला तर 'चुकलं' हा शब्द त्या खोलीत बंद होता. 'पाहुणा आला' म्हणायचं. आमच्याकडे पाहुण्याला कुणी हाकलत नाही. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, मग हळूच विचारायचं, बाबा रे, पत्ता चुकलास का? पोरंही तसंच बोलायची. परीक्षेतून बाहेर येऊन ओरडायची, बाई, माझ्याकडे फक्त दोनच पाहुणे आले, गियोर्गीकडे तर बारसंच होतं.

एवढं सगळं जमणाऱ्या बाईकडे मुलं कमी कशी झाली, असं तुम्ही म्हणाल. पोरं कंटाळून गेली नाहीत हो. उचलून नेली. आधी बाप पोलंडला, मग आया इटलीला, ग्रीसला, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईबापांचं हगणंमुतणं काढायला. इथं उरल्या आज्या आणि नातवंडं. मग एखाद्या आईचे कागद व्हायचे, पोर अर्धा धडा टाकून निघून जायचं. राहिलेल्यांच्या हातात फोन आला, कारण त्याच डबीतून आई बोलायची. कुठल्या तोंडानं सांगणार, फोन बाजूला ठेव म्हणून?

गेल्या हिवाळ्यात वर्गात एकच पोर उरलं. टेक्ला. आणि नगरपालिकेनं कळवलं की जूनच्या परीक्षेला एकही मूल बसलं नाही तर पियानोचा वर्ग बंद. म्हणजे टेक्ला बसली तर वर्ग आहे, नाही बसली तर नाही. इतकं सोपं.

टेक्लाला तिची आजी झुझुना घेऊन आली होती. झुझुना म्हणजे काय, तिच्या जिभेला हाड नाहीच, वर धार आहे. दारातूनच म्हणाली, "बाई, तासभर हिला इथं अडकवून ठेवा. वाजवो न वाजवो. घरी माझं डोकं खाते आणि मक्याची भाकरी खात नाही." पोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसली. बाईंनी नेहमीचं विचारलं, सकाळी काय ऐकलंस? उत्तर नाही. दुसऱ्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेलाही नाही. बाईही काही न वाजवता शेजारी बसून राहायच्या. मी तेव्हा त्या खोलीतल्या शेगडीचं धुराडं दुरुस्त करायला जात होतो, म्हणून मला माहीत. त्या दोघींना बघून वाटायचं की बसथांब्यावर दोन अनोळखी माणसं बसलीत आणि बस तर आम्हीच कधीची बंद होऊ दिलीय.

मग एक दिवस टेक्ला बोलली. "काही नाही ऐकलं. फोन वाजलाच नाही."

तिची आई इंगा दोन वर्षांपासून इटलीत, बारी शहरात. ज्या म्हातारीला ती सांभाळते ती आदल्या रात्री आजारी पडली होती, म्हणून फोन आला नव्हता.

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मग न वाजलेला फोनच शोधू. कसा वाजतो तो? टेक्लानं मांड्यांखालून एक हात काढला. त्या फोनची ती टिंवटिंव, तुम्ही ऐकलीच असेल, साऱ्या जगाच्या खिशात तीच वाजते. पोरीनं एक सूर शोधला, मग दुसरा. दुसरा हात कधी वर आला तिचं तिलाच कळलं नाही. तास संपला तरी उठेना. झुझुना न्यायला आली आणि स्वतःचा फोन चाचपायला लागली. टेक्ला तेव्हा पहिल्यांदा हसली.

रविवारी इंगाचा फोन आला तेव्हा पोरीनं तो घेऊन पियानोवर उभा केला आणि ती टिंवटिंव आईला परत वाजवून दाखवली, खाली बाईंचे जाड सूर. इंगा तिकडे हसली आणि हसता हसता रडली. टेक्लानं स्क्रीनकडे असं पाहिलं, की आपल्या बोटांनी एवढ्या लांबचं काहीतरी हललं हे तिला खरंच वाटत नव्हतं. तिथून पुढं त्या पोरीला थांबवणं अवघड झालं.

रविवारची दुपार ठरून गेली. म्हातारी जेवून झोपायची, इंगा तिच्या उशाशी कानात तार घालून बसायची, आणि इकडे शाळेत शेगडीपाशी टेक्ला, बाई, झुझुना आणि पिठाची पुरचुंडी नाहीतर सोललेले अक्रोड घेऊन मी. बाईंनी परीक्षेसाठी चार हातांचा एक छोटा नाच निवडला होता. वरची बाजू टेक्लाची, खालची त्यांची. तोही शेवटाकडून. दर रविवारी आईला एक ओळ जास्त ऐकू यायची, आणि ती जास्तीची ओळ पुढे नव्हे, मागे जोडलेली असायची. इंगाला हे नवं नव्हतं. तीही लहानपणी याच स्टुलावर बसलेली. तिकडून हळू आवाजात म्हणायची, टेक्ला, तिसऱ्या ओळीत कुणीतरी दार वाजवलं बघ, पाहुणा आला वाटतं. कान इतका पक्का, की बाई माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या, ऐकलंस का, माझी विद्यार्थिनी आहे म्हटलं.

मार्च सरला. आलुबुखाराला फूल आलं. त्या दिवसांत बाई जिन्यात भेटल्या की थांबायच्या, एरवी त्या कुणासाठी थांबत नसत. मी मनात म्हटलं, हा एक तरी दरवाजा बंद होत नाही.

आता पुढचं कळायला आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे मोठं माणूस लहानाला हाक मारताना आपलंच नातं त्याला देतं. आजी नातीला 'आजी' म्हणते. आईला आम्ही देदा म्हणतो, आणि आईही लेकराला देदाच म्हणते: ये देदा, जेव देदा. अर्थ असा की बघ, तुला बोलावणारी मी तुझी देदा आहे. परकी बाई कुणाच्या पोराला असं म्हणत नाही. तिनं फार तर देइदा म्हणावं. देइदा म्हणजे मावशी. लमाराबाई आयुष्यभर पोरांना देइदाच म्हणत आल्या. पाठ सरळ, देइदा. हात धुतलेस का, देइदा. जिला मूल नाही तिच्या वाट्याला तेवढंच येतं, आणि त्यापलीकडे त्यांनी कधी हात घातला नव्हता.

देदा आणि देइदा. मध्ये एवढासा स्वर आहे. पेंगताना गिळला जाईल इतका.

त्या रविवारी टेक्लाला पहिली ओळ, म्हणजे सगळ्यात शेवटी शिकलेली, नीट बसत नव्हती. सकाळपासून तोंड फुगलेलं, झुझुनाशी भांडण झालेलं. एके ठिकाणी अडकली, पुन्हा गेली, पुन्हा अडकली. रडवेली होऊन म्हणाली, "बाई, हा पाहुणा जातच नाही." बाई खालची बाजू वाजवत होत्या, हात न थांबवता, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "राहू दे, देदा, बसू दे त्याला. तू पुढे चल."

टेक्ला पुढे गेली. अडखळली नाही. सगळा नाच पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला आणि झुझुनानं टाळ्या पिटल्या. मलाही आधी काही लक्षात आलं नाही. मग आम्ही सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. इंगा हसत नव्हती, रडतही नव्हती. ती म्हणाली, "लमाराबाई, तिला देदा म्हणणारी अजून जिवंत आहे." आवाज चढवला नाही, शेजारी म्हातारी झोपली होती ना. आणि फोन बंद झाला.

बाईंनी पियानोचं झाकण लावलं. टेक्ला आधी फोनकडे, मग बाईंकडे, मग आजीकडे बघत राहिली. झुझुना, जिला शब्द कधी कमी पडत नाहीत, तिनं फक्त पोरीच्या डोक्यावर टोपी घातली.

संध्याकाळी मी वर गेलो. बाई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसल्या होत्या. मी म्हटलं, यात काय एवढं, फोन करा आणि सांगा की मी देइदाच म्हटलं, फोननं मधला स्वर खाल्ला. इथलं नेटवर्क कसलं आहे ते इंगाला माहीत आहे. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काही जात नाही. पोरगी परीक्षेला बसेल, वर्ग वाचेल, मग जूननंतर काय ते बघू.

बाई म्हणाल्या, "तिचे कान मी तयार केलेत, ओतार. तिला स्वर खाल्लेला कळतो आणि न उच्चारलेलाही कळतो."

"मग जीभ घसरली म्हणा."

"जीभ नाही घसरली."

त्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या या खरेपणापायी वर्ग जाईल, मग बसा खरेपणाला सरगम शिकवत. त्या उठल्या आणि माझ्यासमोरच इंगाला फोन लावला. माझ्यासमोर का, तर त्यांना त्यावरची बटणं नीट कळत नसत, लावून मीच दिला.

त्यांनी माफी मागितली आणि सांगितलं की हो, देदाच म्हटलं, त्या क्षणी तसंच वाटलं, आता पुन्हा म्हणणार नाही. मग इंगा बोलली. तिचं बोलणं मी जसं ऐकलं तसं लिहितो, कारण या सगळ्यात चूक कुणाची हे शोधायला निघालेल्या लोकांनी ते वाचावं.

"बाई, मी इथं एका परक्या म्हातारीला 'मम्मा' म्हणते. तिला ते आवडतं, आणि ठेवून घेतानाच तसं सांगितलं होतं. ती मला स्वतःच्या मेलेल्या मुलीच्या नावानं हाक मारते, मी ओ देते. माझं नाव इथं कुणी घेत नाही. घरी मी काय ठेवून आले? घर भाड्याचं. नवरा कुठे आहे माहीत नाही. एक शब्द तेवढा ठेवला होता, की तो उच्चारणारी फक्त मी. तुम्ही वाईट बाई नाही. पण तो तुम्ही इतक्या सहज म्हटलात, आणि पोर न अडखळता पुढे गेली. मी म्हणते तेव्हा ती अडखळते, बाई. दोन वर्षं झाली, मी देदा म्हटलं की ती आधी जरा थांबते."

बाई म्हणाल्या, "तिला वाजवू दे, इंगा."

"मी कुठे अडवलंय? वाजवू दे की."

आणि तिनं खरंच अडवलं नाही. झुझुनाला सांगितलं, परीक्षा देऊ दे, बाईंचा मान ठेव. म्हणून मी अजून म्हणतो, इंगाकडे बोट दाखवू नका. आमच्या गावातल्या काही शहाण्या बायका दाखवतात. त्यातल्या एकीला मी भर बाजारात विचारलं, तुझं पोर तुझ्याजवळ आहे ना? मग तोंड बंद ठेव.

पण टेक्ला यायची आणि हात पुन्हा मांड्यांखाली. बाईंनी सगळं करून पाहिलं. सकाळी काय ऐकलंस, विचारलं. पोर म्हणाली, काही नाही. या वेळी तिला खरंच काही सांगायचं नव्हतं. शेवटची ओळ, तिची सगळ्यात आवडती, बाईंनी एकट्यानं वाजवून अर्धवट सोडून दिली; एरवी कुठलंही पोर अशा वेळी राहवत नाही म्हणून पुढचा सूर दाबतंच. टेक्लानं दाबला नाही. रविवारचे फोन आता घरीच यायचे, झुझुनाच्या स्वयंपाकघरात, आणि त्यात पियानोचं नाव कुणी काढायचं नाही.

मी पोरीला एकदा जिन्यात गाठलं. पायरीवर शेजारी बसलो आणि विचारलं, काय गं, बाईंवर रागावलीस? मान हलवली, नाही. मग? तिनं बुटाची दोरी सोडली, बांधली, पुन्हा सोडली.

"मी वाजवलं की देदा रडते. आधी चांगलं रडायची. आता वाईट रडते."

नगरपालिकेच्या दारात मी तासन्‌तास बोलू शकतो. त्या पायरीवर मी फक्त वाकून तिच्या बुटाची दोरी बांधून दिली.

आणि आणखी एक गोष्ट बिघडली होती, ती मला उशिरा दिसली. बाई आता तिला कुठलीच हाक मारत नव्हत्या. देदा तर गेलंच, पण देइदासुद्धा त्यांच्या तोंडून निघेना. तो शब्द इतका जवळ आहे की अर्ध्यावर आला की त्या थांबायच्या, जणू एखाद्या मोडक्या पायरीवर पाय द्यायचा की नाही असं होतंय. मग नुसतं 'टेक्ला' म्हणायच्या. आमच्याकडे पोराला नुसत्या नावानं कोण हाक मारतं? पोलीस, डॉक्टर, आणि शाळेत हजेरी घेणारे.

जूनमध्ये कुताइसीहून परीक्षक आले. दोन बायका आणि एक म्हातारा गृहस्थ, चांगली माणसं होती, आल्या आल्या पोरीचं कौतुक केलं, छान फ्रॉक आहे म्हणाले. झुझुनानं तिला पांढरे मोजे घालून आणलं होतं आणि सारखी म्हणत होती, "आजी, दोन मिनिटांचं काम आहे, आजी, वाजव आणि चल, घरी भाजी करपतेय." मी मागच्या बाकावर. नगरपालिकेचा तो साहेबही आला होता, खोली बघायला. खिडकीची रुंदी डोळ्यांनी मोजत होता.

टेक्ला स्टुलावर बसली. या वेळी हात मांड्यांखाली नव्हते, पट्ट्यांवर होते, अगदी बरोबर जागी, बोटं गोल, जशी बाईंनी शिकवली तशी. मला वाटलं, झालं, जमलं.

बाईंनी खालची बाजू सुरू केली. त्यांच्या दोन ओळी झाल्या की टेक्लानं शिरायचं. दोन ओळी झाल्या. टेक्ला शिरली नाही. बाई थांबल्या नाहीत, त्याच दोन ओळी पुन्हा घेतल्या, जणू तसंच लिहिलेलं आहे. पोर मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. तिचा चेहरा माझ्या बाजूला होता. ती हट्ट करत नव्हती हो. ती वाट बघत होती. एरवी ज्या हाकेवर ती उडी घ्यायची, त्या हाकेची.

बाईंनी तोंड उघडलं. मला त्यांचे ओठ दिसले, 'दे' झालं, आणि तिथंच अडकलं. पुढे जाऊन कुठला शब्द होईल याचा त्यांना स्वतःचाच भरवसा नसावा. तिसऱ्यांदा त्याच दोन ओळी संपत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "चल, टेक्ला."

पोरीनं हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

बाई तरीही वाजवत राहिल्या. सगळा नाच, नुसती खालची बाजू, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जिथं टेक्लाचं गाणं असायचं तिथं रिकामी जागा. मी आयुष्यात खूप शांतता ऐकलीय, खाणीत स्फोटानंतरचीही. ही तशी नव्हती. हिला ताल होता.

संपल्यावर म्हाताऱ्या परीक्षकानं चष्मा पुसला. मधली बाई म्हणाली, घाबरली असेल, शरद ऋतूत पुन्हा घेऊ. साहेब म्हणाला, शरद ऋतूत वर्ग नसेल. मी उठलो आणि जे बोलायचं ते बोललो, दोघांनी मला धरून बाहेर नेलं, त्यात नवीन काही नाही.

त्या खोलीत आता निवडणुकीचे फलक आणि खुर्च्या ठेवतात. पियानो तिथंच आहे, कारण खाली उतरवायला कुणी मिळालं नाही. त्याच्यावर खुर्च्या रचल्यात. मी दोनदा अर्ज दिला की तो बाईंच्या घरी पोचवा. उत्तर आलं की तो सरकारी मालमत्ता आहे.

टेक्ला अजून इथंच आहे. आईचे कागद व्हायचेत. जिन्यात बाई दिसल्या की बाजूला होते, मान झुकवून नमस्कार करते. बाईही करतात. कुठलाच शब्द नाही. झुझुना मला म्हणाली, पोर आता भाकरी खाते, शहाण्यासारखी वागते, डोकं खात नाही. हे ती तक्रार केल्यासारखं सांगत होती.

मी लढायचं ते लढलो. नगरपालिकेशी भांडता येतं, इथं भांडायला समोर माणूसच नाही. इंगाला वर्ग बंद झाल्याचं कळलं तेव्हा तिनं बाईंना फोन केला होता. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. बाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. आता वर असाच बराच वेळ काहीच नसतं.

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. कुठे राहता, काय करता, मला माहीत नाही. पण तुमच्याकडे एखादं पोर असेल, सात-आठ वर्षांचं, एका जागी न बसणारं, तर त्याला एकदा लमाराबाईंकडे घेऊन या. तिसरा मजला, डावीकडचं दार, लिफ्ट चालत नाही. पोर शक्यतो असं आणा की ज्याची आई घरी आहे. आमच्या गावात तसं उरलेलं नाही. आणि आईलाही बरोबर आणा, तिला शेजारी बसू द्या, म्हणजे बाईंना कुठला शब्द म्हणायचा याची भीती राहणार नाही. पियानोचं मी बघतो. खुर्च्या खाली काढायला माझे हात अजून शाबूत आहेत. तुम्ही फक्त या.